बेहरूझ, मिचिको, साशा आणि माझं इंग्रजी

मी कॅनडात इंग्रजी शिकवते असं सांगितलं की वसईचे आमचे नातेवाईक एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, "तिथे सगळ्यांना येत नाही का?"

नाही येत. वॉन शहरातल्या ज्या कम्युनिटी सेंटरमध्ये मी शिकवते, तिथे खाली आइस हॉकीची रिंक आहे, वर आमचा वर्ग आणि खिडकीबाहेर नजर पोचेल तिथपर्यंत वेअरहाउसेस. वर्गात पंधरा-सोळा मोठी माणसं, सगळी कुठून कुठून आलेली. किस्से गोळा करायला मला काही करावं लागत नाही. मार्कर घेऊन उभं राहिलं की पुरतं. दुपारी स्टाफरूममध्ये माझा डबा मायक्रोवेव्हमध्ये फिरत असतो, तेवढ्या दोन मिनिटांत मार्जोरीला त्या दिवशीचा किस्सा सांगून होतो. मार्जोरी शेजारच्या वर्गाची टीचर, रिटायर व्हायला आलेली. ती म्हणते, आत्ताच लिहून ठेव, माझ्या वयाची होशील तेव्हा तुला वाटेल आपणच रचलं हे सगळं.

म्हणून लिहितेय.

* * *

पहिला दिवस जानेवारीतला होता. मी सव्वीस वर्षांची, उंची बेताची, पाठीला सॅक, डोक्यावर गोंडा असलेली लोकरी टोपी. लवकर जाऊन फळ्यावर नाव लिहिलं, 'रीमा'. पहिल्याच बाकावर एक आजोबा येऊन बसले होते. थ्री-पीस सूट, टाय, समोर नवी वही. हे बेहरूझ. तेहरानच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवून रिटायर झालेले आणि लेकीकडे राहायला आलेले. त्यांचं लिहिलेलं इंग्रजी माझ्यापेक्षा नेटकं, पण बोलताना प्रत्येक शब्द ते कपाटातून काढून, पुसून, मग पुढे ठेवायचे.

मी शिकवायला सुरुवात केली. ते सगळं उतरवून घेत होते, विचारलं की उत्तर देत होते. फक्त मधूनमधून दाराकडे पाहत होते. ब्रेकमध्ये तर बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना बघून आले.

वर्ग सुटला, सगळे गेले. बेहरूझ माझ्यापाशी आले आणि त्यांनी मला सांगितलं की आज टीचर आल्या नाहीत ही काही चांगली गोष्ट नाही, पण त्यांच्या जागी मी वर्ग फार छान सांभाळला. टीचर आल्या की ते माझ्याबद्दल चांगलं सांगणार होते. मग जरा पुढे वाकून, खाजगीत विचारावं तसं विचारलं, "तुला इतकं इंग्रजी येतं, तर तू या वर्गात का बसतेस?"

टीचर मीच, हे मी त्यांना कसं सांगितलं ते आता आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पिस्त्यांची मोठी पिशवी आणली आणि उभं राहून माफी मागितली. मग खाली बसले आणि सवयीनं एकदा दाराकडे बघून घेतलं.

* * *

मिचिको जपानमधल्या एका कोळ्यांच्या गावची. साठीच्या पुढची, चिमुकली, आवाज इतका हळू की तिचं उत्तर ऐकायला अख्खा वर्ग पंखा बंद केल्यासारखा गप्प होतो. मुलीनं इथल्या मुलाशी लग्न केलं, नातवंडं झाली, म्हणून ती आली. सगळ्यांच्या नावापुढे ती 'सान' लावते, आपण 'जी' लावतो तसं. साशा युक्रेनचा, पस्तिशीचा, गावी जनावरांचा डॉक्टर होता. इथे वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो आणि दुपारच्या शिफ्टआधी वर्गाला येतो.

एका आठवड्यात मी त्यांना कॅनडातले मॅनर्स शिकवत होते. मागून येणाऱ्यासाठी दार धरायचं, 'आफ्टर यू' म्हणायचं, धक्का लागो न लागो, 'सॉरी' म्हणायचं. त्याच आठवड्यात फायर ड्रिल झालं.

अलार्म वाजला. मिचिकोनं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. "आफ्टर यू, बेहरूझ-सान." बेहरूझ बाईमाणसाच्या आधी बाहेर पडणं शक्यच नव्हतं. त्यांनी दाराची दुसरी बाजू धरली. साशानं पुढे जाऊन जिन्याचं दार धरलं आणि तो तिथून दोघांना बोलवायला लागला. मधे उरलेला वर्ग एकमेकांना सॉरी म्हणत उभा. मी टीचर, नियमाप्रमाणे सगळ्यात शेवटी निघायचं. मी मागून सांगतेय की चला, कुणीही चला, आणि ते सगळे वळून मला म्हणताहेत, "आफ्टर यू, टीचर."

खाली पार्किंग लॉटमध्ये एक फायर ऑफिसर हातात स्टॉपवॉच घेऊन उभा होता. आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "इतका सभ्य वर्ग मी आजवर पाहिला नाही. आणि तुम्ही सगळेच्या सगळे मेलेले आहात."

मिचिकोनं कमरेत वाकून त्याचे आभार मानले.

* * *

साशाच्या खिशात एक छोटी वही असते. कामावर सुपरवायझर जे बोलतो ते तो कानाला ऐकू येईल तसं लिहून आणतो आणि सोमवारी मला अर्थ विचारतो. बहुतेक साधं असतं, 'पॅलेट', 'ब्रेक रूम', 'हरी अप'. एका सोमवारी त्यानं वही उघडली आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात 'फ'पासून सुरू होणारा तो शब्द वाचला. म्हणाला, सुपरवायझर हा प्रत्येक वाक्यात वापरतो, म्हणजे फार महत्त्वाचा असणार.

मी काही बोलायच्या आत मिचिकोनं आपली इलेक्ट्रॉनिक डिक्शनरी उघडली होती. तिनं वाचलं, भुवया जरा वर गेल्या. मग वर्गाच्या माहितीसाठी ती हळूच म्हणाली की हे क्रियापद आहे, नाम आहे आणि विशेषणही आहे. बेहरूझनी हात वर केला. त्यांना वाक्यात उपयोग हवा होता.

टाळण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं की ही शिवी आहे. बॉससमोर नाही, डॉक्टरसमोर नाही, चर्चमध्ये तर नाहीच. अगदीच काही वाईट घडलं, तर आपल्या माणसांत, एकदा. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मिचिकोनं खाली रेघ मारली.

फेब्रुवारीत एका सकाळी पार्किंग लॉटमध्ये बर्फाचा पातळ, न दिसणारा थर जमला होता. मिचिको माझ्या पुढे चालत होती आणि बघता बघता खाली बसली. मी जीव मुठीत धरून तिच्याकडे घसरत गेले. लागलं नव्हतं. तिनं पर्स नीट बाजूला ठेवली, वरचे दात खालच्या ओठावर टेकवले आणि तो शब्द उच्चारला. त्या 'फ'साठी मी पहिल्या दिवसापासून तिच्या मागे होते. दात ओठावर, वारा बाहेर, आरसा घेऊन प्रॅक्टिस, सगळं करून झालं होतं. आणि आता असा लख्ख 'फ' आला, की माझे डोळे भरून आले.

मग तिनं मान वर करून मला विचारलं, "टीचर, हा योग्य प्रसंग आहे का?"

मी म्हटलं, अगदी योग्य.

* * *

शब्दयोगी अव्ययं. 'इन', 'ऑन', 'अंडर', 'बिहाइंड'. दोन आठवडे मी पेन डब्यात टाकत होते, डब्याखाली ठेवत होते, डब्यामागे लपवत होते. वर्ग कंटाळून पेनाकडे बघत होता. अव्ययं काही डोक्यात शिरत नव्हती.

त्या दिवशी छतात खुडबुड ऐकू आली. मग छताची एक टाइल सरकली आणि तिच्यातून एक रकून कपाटावर पडला. रकून म्हणजे इथला मांजराहून मोठा, केसाळ प्राणी. डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी आणि हात माणसासारखे, कुठलाही कचऱ्याचा डबा उघडतो. पडल्यावर तोही घाबरला आणि आम्हीही. वर्गातले निम्मे खुर्च्यांवर चढले. मी बेधडक पुढे व्हायला हवं होतं, पण मी आधीच टेबलावर होते.

त्या गोंधळात एकच आवाज येत होता, मिचिकोचा. ती भिंतीला पाठ लावून, हात समोर जोडून उभी होती आणि तो प्राणी जिथे जाईल ते सांगत होती.

"ऑन द कपबोर्ड."

रकून कपाटामागे गेला. "बिहाइंड द कपबोर्ड."

तो बाहेर आला आणि बाकांमधून धावत सुटला. "बिट्वीन द डेस्क्स."

मग पहिल्या बाकावर, जागेवरून न हललेले एकटे बेहरूझ बसले होते, तिथे तो दिसेनासा झाला. मिचिकोनं वाकून नीट खात्री केली.

"अंडर बेहरूझ-सान."

बेहरूझ जसे बसले होते तसेच बसून राहिले, फक्त दोन्ही पाय हळूहळू वर उचलले. साशानं कामावरचे जाड हातमोजे घातले, आपलं जॅकेट काढलं आणि खुर्चीखाली सरपटत गेला. खालून बराच वेळ युक्रेनियनमध्ये समजूत काढल्याचा आवाज येत होता. शेवटी तो बाहेर आला तेव्हा जॅकेटच्या गाठोड्यातून फक्त एक नाक दिसत होतं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. साशा लाजला. या देशात आल्यापासून आपलं खरं काम करायला त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं, हे त्यानं नंतर जिन्यात मला सांगितलं.

पुढच्या टेस्टमध्ये अव्ययांत सगळ्यांना पैकीच्या पैकी.

* * *

हा छोटासा, माझ्यावरचाच. दिवसभर सावकाश, एकेक शब्द सुटा करून आणि हातवारे करत बोलायचं, याची सवय लागते. त्या वर्षी ख्रिसमसच्या आधी मी आईला व्हिडिओ कॉल केला. तिनं विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, "हो, आई. मी. आत्ताच. जेवले." आणि सोबत घास तोंडाशी नेऊन दाखवला.

आईनं फोन बाजूला ठेवला आणि आत बाबांना हाक मारल्याचं ऐकू आलं. दोघांची डोकी स्क्रीनवर आली. बाबा म्हणाले, "रीमा, जरा दोन्ही हात वर करून दाखव बघू."

* * *

मी राहते फिलोमिनाआंटीच्या बेसमेंटमध्ये. आंटी मूळच्या आमच्या वसईच्या, इथे चाळीस वर्षं झाली. इंग्रजी फाडफाड बोलतात, पण घरात, आणि विशेषतः मासळीपुढे, मराठीच. सुक्या बोंबलाचा वास सगळ्यांच्या कोटांना लागतो म्हणून त्यांच्या लेकीनं घरात बोंबील भाजायला बंदी घातलीये. त्यामुळे आंटी गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक शेगडी मांडून, शटर अर्धं वर करून भाजतात.

एका शनिवारी मी मिचिकोला जेवायला बोलावलं. तिची मुलगी तिला गाडीनं दारापर्यंत सोडून गेली. मिचिको ड्राइव्हवेवर उभी राहिली आणि नाक वर करून वास घ्यायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगायला लागले की हा वास म्हणजे काय आहे की, आमच्याकडे जरा... तोवर ती माझ्या बाजूनं निघून, शटरखाली वाकून थेट गॅरेजमध्ये गेली होती.

आत आंटी स्टुलावर बसून बोंबील परतत होत्या. मिचिकोनं एक बोंबील उचलला, उजेडात धरून पाहिला आणि जपानीत काहीतरी म्हणाली. आंटी मराठीत म्हणाल्या, "नाही गं, मिठातला नाही, नुसता उन्हातला." मी भाषांतर करायला पुढे झाले.

"बाय, तू आत जाऊन भात बघ," आंटी म्हणाल्या.

दोन तास त्या दोघी गॅरेजमध्ये होत्या. मी भात बघितला, डाळ बघितली, सोलकढी केली. मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. एकदा बराच वेळ काहीच आवाज आला नाही, म्हणून मी डोकावले. दोघी शेजारी बसून शेगडीकडे बघत होत्या. मी परत फिरले.

मिचिको गेल्यावर आंटी भांडी घासताना म्हणाल्या, बिचारीचा नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. समुद्राकडे खिडकी असलेलं घर तिनं तसंच ठेवलंय, विकलेलं नाही, आणि हे अजून मुलीला सांगितलेलं नाही. मी वर्षभर मिचिकोला शिकवत होते. मला एवढंच माहीत होतं की ती सकाळी भात खाते. मी विचारलं, आंटी, हे तुम्हाला कुठल्या भाषेत कळलं?

आंटींनी माझ्याकडे, मी कधीकधी वर्गात बघते तसं बघितलं. "तिनं सांगितलं ना," म्हणाल्या.

मला पटेना. सोमवारी मी मिचिकोला विचारलं की आंटी तुझ्याशी काय बोलल्या. तिनं जरा विचार केला. मग म्हणाली की आंटीची एक जाऊ आहे. विहिरीवरून भांडण झालं. अकरा वर्षं बोलत नाहीत. चूक आंटीचीच होती.

हे मलाही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी आंटींना विचारलं, तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "शेवटचं ते मी तिला सांगितलं नव्हतं हं."

* * *

आता ओटावाचं. माझं इथलं काम कॉन्ट्रॅक्टवर, दर काही महिन्यांनी रिन्यू होईल की नाही याची धाकधूक. ओटावाच्या एका मोठ्या संस्थेत पर्मनंट जागा निघाली आणि मी अप्लाय केलं. त्यांची अट अशी होती की तीन विद्यार्थ्यांनी टीचरबद्दल पत्र लिहून थेट त्यांना ईमेल करायचं.

मी बेहरूझ, मिचिको आणि साशाला विचारलं. बेहरूझनी विचारलं, ओटावा किती लांब आहे. मी म्हटलं, गाडीनं पाच तास. साशा म्हणाला, विंटरमध्ये सहा. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लिहू म्हणाले.

दोन आठवड्यांनी, बुधवारी, ओटावाहून मॅनेजरबाईंचा फोन आला. म्हणाल्या, पत्रं जरा वेगळी आहेत, वाचून दाखवू का? साशाचं पत्र दोन ओळींचं होतं: "बिफोर रीमा माय इंग्लिश वॉज बॅड. आफ्टर रीमा इज मोअर बॅडर." मिचिकोला चुकीचं लिहिणं जमलेलं नव्हतं. तिनं व्याकरणाची एकही चूक न करता लिहिलं होतं की रीमा अजून ओटावासाठी तयार नाही, कृपया दहा वर्षं थांबावं. आणि बेहरूझचं पत्र पानभर, 'शी टीचेड अस', 'वुई स्पीक्स', 'मेनी इन्फर्मेशन्स' असल्या चुकांनी खच्चून भरलेलं.

मी सोफ्याच्या कडेवर बसले.

बाई म्हणाल्या, मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. या गृहस्थांच्या पत्रात चार सेमीकोलन आहेत आणि चारही अगदी जागच्या जागी आहेत. ज्याला सेमीकोलन जमतो, तो 'टीचेड' लिहीत नाही. त्या हसायला लागल्या. जागा तुमची आहे, म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत कळवा.

शुक्रवारी मी त्यांना नाही म्हणून कळवलं. मार्जोरीनं मला वेड्यात काढलं, आईनं दोन दिवस फोन घेतला नाही आणि माझं कॉन्ट्रॅक्ट अजून तसंच रिन्यू होतंय. पण मला सांगायचाय तो गुरुवार.

गुरुवारी मी पत्रांच्या प्रिंट्स घेऊन वर्गात शिरले तेव्हा मला खरंच राग आलेला होता. ती बाई हसली म्हणून निभावलं. दुसरी कुणी असती तर माझी जागा गेली असती, आणि या तिघांना त्याचं काहीच नव्हतं. मी प्रिंट्स बेहरूझच्या बाकावर ठेवल्या. साशा खिडकीबाहेर बघायला लागला. मिचिकोनं मान खाली घातली.

मराठीत चूक आपण करतो, इंग्रजीत मात्र तिच्यासाठी 'डू' चालत नाही, 'मेक' लागतं. त्या फळ्यावर मी हे इतक्या वेळा लिहिलंय की पुसलं तरी खाली दिसतं. पण राग आला की माझ्या इंग्रजीखालची मराठी वर येते.

"व्हाय डिड यू डू सो मेनी मिस्टेक्स?"

बेहरूझ उठून उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. त्यांचे डोळे ओले होते, पण उच्चार नेहमीसारखा स्वच्छ, एकेक शब्द पुसून ठेवलेला.

"नॉट 'डू', टीचर. 'मेक'." ते थांबले. उत्तर नेहमी पूर्ण वाक्यात द्यायचं हेही मीच शिकवलं होतं. "वुई मेड देम."